माध्यम साक्षरता : बंगळूरमधील विद्यार्थी वर्गाबाहेर काय शिकतात?

आंतरवासितेत, म्हणजेच इंटर्नशिपमध्ये, विद्यार्थ्याला एखाद्या कार्यालयाच्या कामकाजाची ओळख व्हावी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. माध्यम साक्षरतेच्या क्षेत्रातील आंतरवासितेचे स्वरूप मात्र काहीसे निराळे आहे. तेथे विद्यार्थ्याला शाळकरी मुले, त्यांचे पालक, ज्येष्ठ नागरिक किंवा परगावाहून आलेले कामगार यांच्यासमोर उभे राहावे लागते आणि मोबाइलवर आलेला मजकूर खरा कशावरून, हा प्रश्न त्यांच्याबरोबर सोडवावा लागतो.

बंगळूर शहरात या प्रश्नाला विशेष वजन आहे. एका अफवेमुळे २०१२ मध्ये हजारो लोकांनी हे शहर सोडले. दुसऱ्या अफवेमुळे २०१८ मध्ये याच शहरात एका युवकाचा जमावाच्या मारहाणीत मृत्यू झाला. त्यामुळे येथे माध्यम साक्षरतेचे काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला उदाहरणे शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमाच्या चौकटीत आंतरवासितेला श्रेयांक दिले. इंटरनेट आणि समाज यांच्या संबंधांचा अभ्यास करणारी 'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी' ही संस्था बंगळूरमध्ये २००८ पासून कार्यरत आहे, तर 'आयटी फॉर चेंज' ही संस्था शिक्षण आणि तंत्रज्ञान या विषयांत २००० पासून काम करते. पत्रकारिता आणि माध्यमविद्येचे अभ्यासक्रम चालविणारी अनेक महाविद्यालयेही शहरात आहेत. या वातावरणात विद्यार्थ्यांना अशा कामाचा अनुभव घेण्याची संधी मिळते. तथापि, या अनुभवातून नेमके काय शिकावयाचे असते, याची चर्चा फारशी होत नाही.

संकल्पना जुनीच

माध्यम साक्षरता ही मोबाइल फोनबरोबर आलेली संकल्पना नाही. तत्कालीन पश्चिम जर्मनीतील ग्रुनवाल्ड येथे युनेस्कोने भरविलेल्या परिषदेत जानेवारी १९८२ मध्ये माध्यम शिक्षणाविषयीचे घोषणापत्र स्वीकारण्यात आले. प्रसारमाध्यमांचा प्रभाव निमूटपणे स्वीकारणे किंवा त्यांचा केवळ निषेध करणे पुरेसे नसून, ती समजून घेण्याचे शिक्षण शाळेतूनच मिळाले पाहिजे, असा त्या घोषणापत्राचा आशय होता. त्या वेळी चर्चेचा रोख प्रामुख्याने दूरचित्रवाणीवर होता. पुढे २०११ मध्ये युनेस्कोने शिक्षकांसाठी माध्यम आणि माहिती साक्षरतेचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला.

या विषयाचे मूलतत्त्व सोपे आहे. कोणताही मजकूर, छायाचित्र किंवा चित्रफीत कोणीतरी, काही हेतूने आणि कोणासाठी तरी तयार केलेली असते. ती कोणी तयार केली, त्यात काय घेतले आणि काय वगळले, हे विचारण्याची सवय म्हणजे माध्यम साक्षरता होय. खोटी बातमी ओळखणे हा तिचा केवळ एक भाग आहे.

मराठी भाषकांना हे तत्त्व एका म्हणीतून परिचित आहे. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला. 'धरावे' या शब्दातील 'ध' खोडून तेथे 'मा' करण्यात आला, अशी आख्यायिका या घटनेभोवती निर्माण झाली आणि 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार रूढ झाला. एका अक्षराच्या फेरफाराने संदेशाचा अर्थ कसा पालटतो, हे त्यातून कळते. मात्र या आख्यायिकेच्या सत्यतेविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. म्हणजेच फेरफारापासून सावध करणारी ही कथादेखील पुराव्यावर तपासून घ्यावी लागते. वर्गात चर्चा सुरू करण्यासाठी असे उदाहरण उपयुक्त ठरते, कारण त्यात श्रोत्यांपैकी कोणाचीही चूक दाखविली जात नाही.

ऑगस्ट २०१२ : अफवेतील सत्याचा अंश

आसाममधील कोक्राझार आणि लगतच्या जिल्ह्यांत जुलै २०१२ मध्ये बोडो आणि मुस्लिम समुदायांत हिंसाचार उसळला. त्यात अनेकांचा बळी गेला आणि लाखो लोक विस्थापित झाले. या हिंसाचाराच्या पार्श्वभूमीवर मुंबईतील आझाद मैदानावर ११ ऑगस्ट रोजी झालेल्या निदर्शनांना हिंसक वळण लागून दोघांचा मृत्यू झाला. त्याच सुमारास पुण्यात ईशान्य भारतातील काही रहिवाशांवर हल्ले झाले. म्हैसूरमध्ये १४ ऑगस्ट रोजी एका तिबेटी विद्यार्थ्यावर चाकूहल्ला झाला.

यानंतर बंगळूरमध्ये राहणाऱ्या ईशान्येकडील लोकांवर रमजान संपताच हल्ले होणार, अशा आशयाचे संदेश मोबाइलवरून पसरले. १५ ऑगस्टच्या रात्री तेव्हाच्या बंगळूर सिटी रेल्वे स्थानकावर हजारो लोक जमा झाले. त्यात विद्यार्थी, सुरक्षारक्षक, उपाहारगृहांतील कर्मचारी आणि सौंदर्यप्रसाधनगृहांत काम करणाऱ्या तरुणी होत्या. रेल्वेला गुवाहाटीकडे विशेष गाड्या सोडाव्या लागल्या. काही दिवसांत सुमारे ३० हजार लोक शहर सोडून गेल्याचा अंदाज त्या वेळी व्यक्त करण्यात आला.

राज्य सरकारने आणि पोलिसांनी सुरक्षिततेची ग्वाही दिली. तत्कालीन मुख्यमंत्री जगदीश शेट्टर यांनीही लोकांना शहर न सोडण्याचे आवाहन केले. तरीही गाड्या भरून जात राहिल्या.

माध्यम साक्षरतेच्या दृष्टीने या घटनेतील पहिला धडा येथे आहे. स्थलांतर करणारे लोक भोळे किंवा अशिक्षित होते, असे म्हणता येत नाही. त्यांच्यापैकी अनेक जण महाविद्यालयांत शिकत होते. पुणे आणि म्हैसूर येथील घटना खऱ्या होत्या. त्यांच्या आधारावर उभा राहिलेला खोटा संदेश संभाव्य वाटला. शिवाय चेहरेपट्टीवरून होणारी हेटाळणी अनेकांनी पूर्वी सोसली होती. शहराच्या आश्वासनापेक्षा गावाकडून आलेला आईवडिलांचा दूरध्वनी त्यांना अधिक विश्वासार्ह वाटला, तर त्यात नवल नव्हते.

त्यामुळे वर्गात उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याने 'लोकांनी यावर विश्वास ठेवलाच कसा?' असा सूर लावला, तर श्रोते गप्प होतात. 'हे खरे का वाटले असेल?' असा प्रश्न विचारला, तर ते बोलू लागतात. हा फरक पाठ्यपुस्तकातून कळणे कठीण असते. तो प्रत्यक्ष वर्ग घेताना कळतो.

बंदीची मर्यादा

केंद्र सरकारने १७ ऑगस्ट २०१२ रोजी एकगठ्ठा लघुसंदेशांवर १५ दिवसांची बंदी घातली. एका वेळी पाचपेक्षा अधिक संदेश पाठविण्यास मनाई करण्यात आली. काही दिवसांनी ही मर्यादा २० पर्यंत वाढविण्यात आली. याच काळात इंटरनेटवरील अनेक पाने रोखण्याचे आदेशही देण्यात आले.

'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी'ने त्या आदेशांचे विश्लेषण करून १८ ते २१ ऑगस्ट या चार दिवसांतील ३०९ नोंदी तपासल्या. रोखलेल्या मजकुरात अफवांचे खंडन करणारी पानेही असल्याचे त्यातून समोर आले. आपत्तीत मारले गेलेल्यांची छायाचित्रे हिंसाचारातील बळींची म्हणून फिरविली जात होती. त्यांचा मूळ संदर्भ शोधून देणाऱ्यांचे लेखनही बंदीच्या कक्षेत आले. २०१० मध्ये तिबेटी पठारावर झालेल्या भूकंपानंतरचे, मृतदेहांजवळ उभ्या असलेल्या भिक्षूंचे एक छायाचित्र म्यानमारमधील हत्याकांडाचे म्हणून प्रसारित झाले होते.

आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा दुसरा धडा ठरतो. छायाचित्र बनावट नसतानाही त्याखालील ओळ खोटी असू शकते. आणि खंडनासाठी का होईना, अफवेचा मजकूर जसाच्या तसा उद्धृत केला, तर यंत्रणेला आणि घाईत असलेल्या वाचकालाही त्यातील भेद दिसत नाही. म्हणूनच माध्यम साक्षरतेच्या वर्गात खरी माहिती आधी सांगावी, अफवेचा उल्लेख थोडक्यात करावा आणि पुन्हा खऱ्या माहितीवर यावे, अशी पद्धत अवलंबिली जाते.

शेवट कापलेली चित्रफीत

२०१८ पर्यंत लघुसंदेशांची जागा व्हॉट्सअ‍ॅपने घेतली होती. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा त्या वर्षी अनेक राज्यांत पसरली. या अफवेसोबत एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरील मुलाला उचलून नेतात, असे तिच्यात दिसत होते. प्रत्यक्षात ती पाकिस्तानातील कराची येथे बालसुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली फीत होती. मूळ फितीत मुलाला परत आणून सोडले जाते आणि पालकांना सावध करणारा फलक दाखविला जातो. भारतात फिरलेल्या फितीतून हाच शेवट कापण्यात आला होता.

बंगळूरच्या चामराजपेट परिसरात २३ मे २०१८ रोजी राजस्थानातून कामासाठी आलेल्या २६ वर्षीय युवकाला जमावाने मुले पळविणारा समजून मारहाण केली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर १ जुलै रोजी महाराष्ट्रातील धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची आठवडे बाजाराच्या दिवशी हत्या झाली. भिक्षुकीवर उपजीविका करणाऱ्या या पाच जणांपैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातील होते. १३ जुलै रोजी कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात, मराठी वस्ती मोठी असलेल्या औराद तालुक्यात, मुलांना चॉकलेट दिल्यावरून संशय घेऊन हैदराबादच्या एका अभियंत्याला ठार मारण्यात आले. त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या आगमनाचे दृश्य व्हॉट्सअ‍ॅप गटावरून त्यांच्यापुढे पोहोचले होते.

तिन्ही ठिकाणी बळी गेलेले परके होते. अफवेला चेहरा लागतो आणि अनोळखी माणसाचा चेहरा तिला सर्वांत आधी सापडतो. या घटनांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामुळे तंत्राबरोबरच समाजाचाही विचार करावा लागतो. कोणत्या वस्तीत कोणाविषयी आधीपासून संशय आहे, याची कल्पना नसेल, तर तेथे कोणती अफवा पेट घेईल, हे ओळखता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी जमावाकडून होणाऱ्या हत्या रोखण्यासाठी केंद्र आणि राज्यांना मार्गदर्शक निर्देश दिले. व्हॉट्सअ‍ॅपने त्याच महिन्यात भारतात संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे न पाठविण्याची मर्यादा लागू केली. अग्रेषित संदेशावर तशी खूणही दिसू लागली. तरीही, संदेश पुढे पाठवावा की नाही, हा निर्णय अखेर फोन हाती असलेल्या व्यक्तीचाच राहिला.

तपासणीची रीत

आंतरवासितेत शिकावयाची कौशल्ये तशी अवघड नाहीत. छायाचित्राचा उलट शोध घेऊन ते पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले, हे पाहता येते. चित्रफितीतील एखादे स्थिरचित्र घेऊन तोच प्रयोग करता येतो. वाहनांच्या पाट्या, दुकानांच्या फलकांवरील लिपी, पोलिसांचा गणवेश आणि हवामान यांवरून स्थळकाळाचा अंदाज बांधता येतो. मजकुरात दिनांक आणि ठिकाण आहे का, हे पाहणे ही तर पहिली पायरी आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडली. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे १० अभ्यासक, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ पदवी विद्यार्थी यांना काही संकेतस्थळांची विश्वासार्हता पारखण्यास सांगितले. इतिहासकार आणि विद्यार्थी ते पान लक्षपूर्वक वाचत राहिले आणि त्यांच्यापैकी अनेक जण आकर्षक मांडणीने फसले. तथ्यतपासनीस मात्र लगेच पानाबाहेर पडून त्या संस्थेविषयी इतर कोण काय म्हणते, हे पाहू लागले. त्यांचे निष्कर्ष कमी वेळात आणि अधिक अचूक निघाले.

शाळेत मिळणारी 'नीट वाचा' ही शिकवण येथे अपुरी पडते. बनावट मजकूर कितीही नीट वाचला, तरी तो स्वतःविषयी खरे सांगत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरानंतर ही मर्यादा अधिक स्पष्ट झाली. मूळच्या कर्नाटकातील कोडगू जिल्ह्याच्या अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्या महिलेच्या चित्रफितीवर बसविल्याचा प्रकार नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडकीस आला, तेव्हा केवळ डोळ्यांवर विसंबून चालणार नाही, याची जाणीव देशभर झाली. पापण्यांची हालचाल किंवा बोटांची संख्या पाहण्याच्या युक्त्या तंत्रज्ञान सुधारताच कालबाह्य होतात. स्रोत शोधण्याची सवय तशी कालबाह्य होत नाही.

एक तास पुरतो का?

माध्यम साक्षरतेच्या अनेक कार्यशाळा तासा-दोन तासांच्या असतात. शेवटी टाळ्या होतात, छायाचित्र काढले जाते आणि अहवालात उपस्थितांची संख्या नोंदविली जाते. यातून श्रोत्यांत काही बदल होतो का, याचे उत्तर बिहारमधील दोन अभ्यासांनी दिले आहे.

राजकीय अभ्यासक सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये १,२२४ जणांच्या सहभागाने प्रयोग केला. निवडक कुटुंबांना घरी जाऊन सुमारे एक तासाचे प्रशिक्षण देण्यात आले. खोटी माहिती ओळखण्याच्या क्षमतेत त्यामुळे एकंदरीत लक्षणीय वाढ झाली नाही, असा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका पक्षाच्या समर्थकांत तर आपल्या बाजूची खोटी माहिती ओळखण्याची क्षमता प्रशिक्षणानंतर कमी झाल्याचे दिसले.

त्यानंतर बद्रीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहार सरकारच्या सहकार्याने ५८३ गावांतील १३ हजारांहून अधिक किशोरवयीन विद्यार्थ्यांसाठी दीर्घ कार्यक्रम राबविला. या वेळी प्रशिक्षण एका बैठकीत न आटोपता अनेक आठवडे वर्ग घेण्यात आले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, खरी आणि खोटी माहिती वेगळी करण्याची विद्यार्थ्यांची क्षमता वाढली आणि हा परिणाम चार महिन्यांनंतरही टिकून होता. मुलांनी शिकलेले पालकांपर्यंतही पोहोचल्याचे आढळले.

अल्प मुदतीच्या आंतरवासितेसाठी ही बाब अडचणीची आहे. विद्यार्थ्याचा कालावधी काही आठवड्यांचा असतो, तर सवय बदलण्यास त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून नव्या वस्तीत दररोज एक वर्ग घेण्यापेक्षा त्याच वर्गाकडे पुन्हा पुन्हा जाणे, आणि स्वतः गेल्यावर काम पुढे चालावे यासाठी स्थानिक शिक्षकाला तयार करणे, अधिक फलदायी ठरते. 'किती जणांना शिकविले' या आकड्यापेक्षा 'महिन्यानंतर किती जण संदेश पुढे पाठविण्यापूर्वी थांबले' हे विचारणे आवश्यक ठरते.

शेजारच्या केरळने हे काम शाळांकडे सोपविले. गोवर-रुबेला लसीकरणाविषयी पसरलेल्या अफवांचा अनुभव घेतल्यानंतर कन्नूर जिल्हा प्रशासनाने २०१८ मध्ये 'सत्यमेव जयते' हा कार्यक्रम सुमारे १५० सरकारी शाळांत सुरू केला. पुढे राज्यभर प्रशिक्षण झाले आणि २०२४ मध्ये पाचवी आणि सातवीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत तथ्यतपासणीचा समावेश करण्यात आला.

ऐकणाऱ्याची भाषा

बंगळूरमध्ये शिकविताना भाषेचा प्रश्न टाळता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शहरातील निम्म्याहून कमी लोकांची मातृभाषा कन्नड आहे. तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मल्याळम भाषक येथे मोठ्या संख्येने आहेत. सतराव्या शतकात हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते आणि आजही येथे मराठी कुटुंबे राहतात. एकाच वर्गातील मुलांच्या घरी चार-पाच भाषांतील संदेश येतात.

महाविद्यालयात इंग्रजीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला या वर्गात पारिभाषिक शब्द बाजूला ठेवावे लागतात. 'स्रोत' म्हणण्याऐवजी 'हे तुम्हाला कोणी सांगितले आणि त्याला कोणी सांगितले?' असे विचारले, तर ते कोणत्याही भाषेत समजते. खंडन इंग्रजीत आणि अफवा कन्नड किंवा उर्दूत असेल, तर ती दोन्ही एकाच व्यक्तीपर्यंत पोहोचत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या 'फॅक्टशाला' या उपक्रमाने विविध भारतीय भाषांत प्रशिक्षण देणारे पत्रकार आणि शिक्षक तयार करण्यावर भर दिला.

काही मर्यादाही पाळाव्या लागतात. हिंसेची दृश्ये लहान मुलांना दाखवू नयेत. कोणत्याही मुलाच्या घरचा फोन किंवा कुटुंबाचा गट उदाहरण म्हणून वर्गापुढे उघडू नये. उदाहरणे एकाच पक्षाची किंवा धर्माची निवडल्यास वर्गाचा विश्वास जातो आणि एकदा गेलेला विश्वास पुढील तासाला परत येत नाही.

संशय किती शिकवावा?

खोटी माहिती रोखण्यासाठी कायद्याचा मार्गही सुचविला जातो. सरकारी कामकाजाविषयीची खोटी माहिती ठरविण्याचा अधिकार सरकारी कक्षाला देणारी, २०२३ मधील माहिती तंत्रज्ञान नियमांतील दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरविली. कर्नाटकात २०२५ मध्ये खोट्या बातम्यांविरुद्धच्या विधेयकाचा मसुदा चर्चेत आला, तेव्हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या दृष्टीने त्यावर टीका झाली. खरे-खोटे कोणी ठरवावे, या प्रश्नावर सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही. अशा स्थितीत नागरिकाची स्वतःची पारख वाढविण्याला पर्याय उरत नाही.

मात्र या पारखीलाही दुसरी बाजू आहे. केवळ संशय घेण्यास शिकविले, तर श्रोते खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवीनासे होतात. 'सगळेच खोटे बोलतात' अशी भावना झालेली व्यक्ती अखेर स्वतःला रुचेल तेच खरे मानते. त्यामुळे वर्गात प्रत्येक खोट्या उदाहरणाबरोबर एक खरे, परंतु अविश्वसनीय वाटणारे उदाहरण ठेवणे आवश्यक असते. चुकीची दुरुस्ती प्रसिद्ध करणारे वृत्तपत्र, जबाबदार अधिकाऱ्याच्या नावानिशी दिलेली माहिती, प्रत्यक्ष घटनास्थळी गेलेला वार्ताहर यांच्यावर विश्वास का ठेवावा, हेही शिकवावे लागते.

२०१२ मध्ये बंगळूर सोडून गेलेल्यांपैकी अनेक जण पुढील काही आठवड्यांत परतले. संदेशांवरील बंदी तोवर संपलेली होती. त्या रात्री स्थानकावर जमलेल्यांना हवी होती ती माहिती साधी होती : आपल्या गल्लीत आज रात्री धोका आहे की नाही, आणि हे ज्याला विचारावे, असा ओळखीचा माणूस या शहरात कोण आहे. माध्यम साक्षरतेचे काम करणारा विद्यार्थी एका वस्तीत महिनाभर जात राहिला, तेथील शिक्षिका, दुकानदार आणि मुलांना नावानिशी ओळखू लागला, तर पुढच्या अफवेच्या वेळी विचारण्यासाठी अशी किमान एक व्यक्ती त्या वस्तीत तयार झालेली असते.